इंजिनातली गंगाजळी

जपानमधल्या मोटार कंपन्यांनी १९८९ साली आपसात एक समझोता केला. कागदावर सही कोणाचीच नव्हती, पण शब्द सगळ्यांनी पाळला. देशात विकायच्या कुठल्याही मोटारीची शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही, एवढाच तो शब्द. आदल्या वर्षी, म्हणजे १९८८ मध्ये, जपानच्या रस्त्यांवरचे अपघाती मृत्यू बऱ्याच वर्षांनी पुन्हा दहा हजारांच्या वर गेले होते आणि सरकारी पातळीवर काळजी सुरू झाली होती. कायद्याचा बडगा उगारला जाण्यापूर्वी आपणच थोडे शहाणपण दाखवलेले बरे, असा व्यवहारी विचार कंपन्यांनी केला. गाडी ताशी १८० किलोमीटरला पोचली की तिचा वेग आपोआप रोखायचा, हा रिवाज तर आधीपासून होताच.

पुढची पंधरा वर्षे मग एक गंमत चालली. निसानची स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाची सुप्रा, माझ्दाची आरएक्स-७, मित्सुबिशीची लॅन्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा अशा एकाहून एक टर्बोचार्ज्ड गाड्या जपानमध्ये निघाल्या. इंजिने निराळी, आकार निराळे, वजने निराळी. पण कोणी लगेच, कोणी चार-सहा वर्षांनी, अशा साऱ्या जणी माहितीपत्रकातल्या २८० या एकाच आकड्यापाशी येऊन थांबल्या. मी चौतीस वर्षे बँकेत काढली. एकाच बाजारपेठेतल्या पाच व्यापाऱ्यांनी ताळेबंदात नेमका सारखा नफा दाखवला, तर तपासणी अधिकारी चष्मा पुसून पुन्हा कागद हातात घेतो. हा आकडा कमाईतून आलेला नाही, ठरवून लिहिलेला आहे, हे त्याला कळते. खरी कमाई कुठे आहे, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो.

जपानमधल्या गॅरेजवाल्यांनी हाच प्रश्न विचारला. त्याच्या उत्तरातून एक अख्खा धंदा उभा राहिला. मोटारीच्या इंजिनाला आज्ञा देणारा कंपनीचा छोटा संगणक बदलायचा, फसवायचा किंवा त्याच्यातले आकडे पुन्हा लिहायचे आणि इंजिनात दडवून ठेवलेली शक्ती बाहेर काढायची, असा तो धंदा. मला मोटारींचे वेड कधीच नव्हते. पण लिहायला घेतलेल्या एका कादंबरीतले पात्र गॅरेजवाले निघाले, त्याच्या पायी मी या विषयात शिरलो आणि तिथे मला माझीच जुनी बँक भेटली.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनाची शक्ती म्हणजे अखेर त्यात किती हवा शिरते याचा हिशेब. हवा असेल तेवढेच पेट्रोल जळणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर नाहीतरी वायाच जातो. त्याच्या झोताने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबायची आणि ती इंजिनात कोंबायची. ही चाके मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. या युक्तीने लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. १९८३ साली नेल्सन पिकेने फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले ते अवघ्या १५०० सीसीच्या टर्बो इंजिनावर. म्हणजे आकाराने आपल्या साध्या कौटुंबिक गाडीएवढेच इंजिन.

पण कोंबलेली हवा तापते, आणि इथून कटकटी सुरू होतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरत जावी, अशी अपेक्षा असते. दाब आणि उष्णता फार झाली, की उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याची वाट न पाहता एकदम भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे टाकून हलवावेत तसा आवाज येतो. साध्या इंजिनात हे थोडा वेळ चालून जाते. टर्बो इंजिनात पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट उडते. आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात तर पिस्टनच नसतो. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या पातळ पट्ट्या असतात आणि एखाद्याच जोरदार नॉकने त्यातली पट्टी तुटली की इंजिन उघडावेच लागते.

हे टाळायचे तर दोन गोष्टी अचूक सांभाळाव्या लागतात : पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी कधी पाडायची. माझी पहिली गाडी जुनी फियाट होती. तिच्या या दोन्ही गोष्टी नाक्यावरचा मेस्त्री कानाने ठरवायचा. कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा मागे, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग पुढे, मग मान तिरकी करून ऐकायचे आणि "साहेब, आता मारा चक्कर" म्हणायचे. टर्बो इंजिनाला एवढ्याने भागत नाही. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा ठिणगी पडते. सहा सिलिंडर असतील तर तीनशे वेळा. दर वेळी हवा किती आली, ती किती तापलेली आहे, चालकाचा पाय कुठे आहे, हे पाहून निर्णय घ्यायचा. हे मेस्त्रीच्या कानाचे काम उरले नाही. म्हणून संगणक आला.

हा संगणक फार विचार करतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो कारकुनासारखा कोष्टक पाहतो. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला हवेचा भार. दोन्हींच्या छेदावर जो चौकोन येईल त्यात लिहिलेले पेट्रोल द्यायचे. ठिणगीसाठी असेच दुसरे कोष्टक. या कोष्टकांना त्या धंद्यात मॅप म्हणतात. बँकेत मुदत ठेवीचे व्याज आम्ही एके काळी छापील कोष्टकातून काढायचो. मुदत इथे, रक्कम तिथे, बोट ठेवा आणि आकडा उतरवा. इंजिनातला संगणक हेच करतो, फक्त सेकंदात शेकडो वेळा. कोष्टकातले आकडे कोणी आणि कोणत्या हेतूने लिहिले, यावर गाडीचा स्वभाव ठरतो.

आता गॅरेजवाल्यांच्या तीन तऱ्हा पाहा. बँकेतल्या माणसाला त्या फार लवकर समजतात.

पहिली तऱ्हा संगणकाला खोटे सांगण्याची. टर्बोचा दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की कंपनीचा संगणक घाबरून पेट्रोल तोडतो. मग दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेत एक छोटी पेटी बसवायची. दाब कितीही चढो, ती पेटी वर 'सारे ठीक आहे' असाच निरोप देणार. कोणी हवेचा आकडा कमीजास्त करून पाठवतो, म्हणजे पेट्रोल हवे तसे मिळते. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिनोमिया येथे कारभार असलेली, १९७३ साली यामाहातल्या एका माजी अभियंत्याने सुरू केलेली एचकेएस, किंवा अपेक्सी, अशा कंपन्यांनी ही उपकरणे घरोघर पोचवली. १९८० च्या दशकाअखेरीस आमच्या शाखेत खाती उतरवण्याची यंत्रे आली, तेव्हा प्रशिक्षणात पहिले वाक्य शिकवले होते की, यंत्र व्हाउचरवर विश्वास ठेवते. व्हाउचर चुकीचे असेल तर यंत्र अत्यंत अचूकपणे चुकीची बेरीज करील. ही पेटी म्हणजे लेजरपर्यंत पोचण्याआधी वाटेतच बदललेले व्हाउचर.

दुसरी तऱ्हा लेजरच बदलण्याची. जुन्या गाड्यांत कोष्टके एका चिपमध्ये असत. चिपच्या पाठीवर काचेसारखी छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की आतले सारे पुसले जाई, आणि नवे आकडे भरून चिप पुन्हा खोबणीत बसवता येई. 'चिप ट्यूनिंग' हा शब्द तिथून आला. पुढे अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना तपासणीसाठी एकसारखा जोड सक्तीचा झाला आणि डबा न उघडता, स्टिअरिंगखालच्या त्या जोडातून लॅपटॉपवर आकडे बदलण्याची वाट हळूहळू मोकळी झाली.

तिसरी तऱ्हा म्हणजे जुन्या मॅनेजरला रजा देऊन नवा आणणे. ऑस्ट्रेलियातल्या हॅलटेक आणि मोटेक या कंपन्या १९८० च्या दशकातच असे स्वतंत्र संगणक बनवू लागल्या. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अपेक्सीचा 'पॉवर एफसी' आला आणि हौशी मंडळींत त्याचा बोलबाला झाला. कंपनीचा संगणक काढायचा, त्याच जोडात हा खोचायचा. एकही तार कापायची नाही. सोबत तळहातात मावणारी पाटी मिळे. तिच्यावर इंजिनाचा सारा कारभार चालत्या गाडीत दिसे आणि आकडे तिथल्या तिथे बदलता येत. वीस रकाने गुणिले वीस ओळी, म्हणजे चारशे चौकोन. कालपर्यंत अभियंत्याच्या टेबलावरच असलेले ते चारशे चौकोन आता गाडीच्या मालकाच्या मांडीवर आले.

ते भरायचे कसे, यातच सारी विद्या आहे. गाडी डायनोच्या रोलरांवर चढवतात, पट्ट्यांनी जखडतात आणि जागच्या जागी पळवतात. बाहेर पडणाऱ्या धुरावरून हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजले जाते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण पूर्ण दाबावर पळणाऱ्या टर्बो इंजिनाला चांगला ट्यूनर मुद्दाम जास्त पेट्रोल पाजतो, एकास अकरा-बाराच्या आसपास. कारण न जळलेले पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. ठिणगी एकेक अंशाने पुढे सरकवायची, शक्ती किती वाढली ते पाहायचे आणि वाढ मंदावली की थांबायचे. अनेक कसलेले ट्यूनर या वेळी इंजिनाच्या ठोकळ्याला तांब्याची नळी जोडून दुसरे टोक कानावरच्या टोपणात घालतात आणि नॉकिंगची पहिली चाहूल ऐकतात. एवढे सगळे संगणक मांडून शेवटी मेस्त्रीचा कान परत आलाच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही वाढलेली शक्ती येते कुठून? कंपनीचे अभियंते काही अडाणी नव्हते.

निसानने १९८९ ची जीटी-आर मुळात शर्यतीसाठी आखली होती. तिचे २,५६८ सीसीचे सहा सिलिंडरी इंजिन शर्यतीत पाचशेच्या वर अश्वशक्ती सोसेल असे घडवलेले होते. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांत २९ शर्यती झाल्या आणि २९ ही जीटी-आरने जिंकल्या. तेच इंजिन २८० चा आकडा लावून सामान्य गिऱ्हाइकाला विकले जात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. टर्बोचा दाब ज्या नळीतून नियंत्रित होतो तिच्यात बारीक भोकाचा एक तुकडा बसवलेला असे. तो काढून टाकला की दाब वाढे, हे गॅरेजमधल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. टोयोटाच्या सुप्राची गोष्ट आणखी बोलकी. जपानमध्ये २८०, आणि तीच गाडी थोडे निराळे टर्बो व मोठे इंजेक्टर लावून अमेरिकेत गेली की ३२०.

पण सगळेच काही असे झाकलेले धन नव्हते. त्याच जीटी-आरच्या टर्बोतले धुराचे चाक सिरॅमिकचे होते; हलके, म्हणून चटकन फिरणारे. दाब फार वाढवला तर ते तुटे. म्हणजे एकाच कर्जाला एक जामीनदार गडगंज आणि दुसरा कफल्लक. कागदावर दोघांच्याही सह्या सारख्याच दिसतात. कोणाला किती झेपेल, हे जाणणारा ट्यूनर इंजिन वाचवी, न जाणणारा बुडवी.

बँकेत आम्ही घराची किंमत लाखभर असेल तर कर्ज सत्तर-पंचाहत्तर हजारच द्यायचो. उरलेल्या भागाला मार्जिन म्हणतात. गिऱ्हाईक तावातावाने विचारायचे, "साहेब, घर माझे, किंमत तुम्हीच लाख ठरवलीत, मग पैसे का कमी?" त्याला समजावून सांगावे लागे की, भाव उतरतात, नोकऱ्या जातात, आजारपणे येतात; तो पंचवीस हजारांचा भाग त्या दिवसांसाठी आहे. इंजिन बनवणाराही असेच मार्जिन ठेवतो. त्याची गाडी कडक उन्हात जाणार, डोंगरमाथ्यावरच्या विरळ हवेत चढणार, वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या मालकाच्या हाती पडणार, आणि हलके पेट्रोल पिणार. जपानमध्ये शंभर ऑक्टेनचे पेट्रोल पंपावर सहज मिळते. तिथल्या वापरलेल्या गाड्या १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये मोठ्या संख्येने गेल्या, तेव्हा तिथल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलशी त्यांचे मॅप जुळवून घेणे हेच ट्यूनरांचे एक मोठे काम झाले. अशा आडदिवसांसाठी राखलेले मार्जिन माहितीपत्रकात छापलेले नसते, म्हणून ते फुकटचे वाटते.

माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या टर्बो पेट्रोल गाडीचा मॅप एका गॅरेजमधून बदलून घेतला. गाडी खरोखरच पळू लागली. मला चक्कर मारून आणल्यावर तो म्हणाला, "मामा, यात गैर काय? शक्ती इंजिनात होतीच. कंपनीने कुलूप घातले होते, मी किल्ली आणली."

मी म्हटले, "अरे, पैसे तिजोरीत असतातच. ते कोणाच्या खात्यातले आहेत, एवढेच बघायचे असते."

तो हसला. आमच्या पिढीला सगळीकडे खाती दिसतात, असे त्याचे म्हणणे.

नवा मॅप महागड्या, ९७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेला होता. पुढच्या मे महिन्यात तो कुटुंबाला घेऊन कोकणात गेला. परतताना टाकी रिकामी झाली आणि वाटेतल्या पंपावर साधे पेट्रोल तेवढे होते. चार माणसे, सामान, एसी, भर दुपार आणि समोर घाट. कंपनीच्या मॅपमध्ये अशा वेळी नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेण्याची सोय असते. शक्तीच्या हव्यासाने त्या गॅरेजने ती सोयही आवळून टाकली होती. घाटमाथ्यावर येईपर्यंत एक सिलिंडर गेला. नंतर त्या पिस्टनची तुटलेली कड मी हातात घेऊन पाहिली. सुपारीच्या खांडाएवढा तुकडा. दुरुस्तीचा खर्च दोन लाखांच्या पुढे गेला. वॉरंटीचे सात महिने शिल्लक होते, पण आजकालचे अनेक संगणक आपल्यातले आकडे किती वेळा लिहिले गेले याची मोजदाद ठेवतात. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पडद्यावरचा तो आकडा भाच्याला नम्रपणे दाखवला आणि विषय संपला. खाडाखोड केली की तिथे सही हवी, हा आमच्याकडचा नियम. सही नसेल तर खाडाखोड स्वतःच साक्ष देते.

माझ्या बहिणीला या कशाचेच काही नव्हते. ती एवढेच म्हणाली, "घाटात गाडी बंद पडली तेव्हा मागून ट्रक येत होता." भाचा त्यावर काही बोलला नाही.

तिच्या वाक्यात या विषयाचा गाभा आहे, असे मला वाटते. मार्जिन खर्च करणारा एकटा असतो. त्याची किंमत देणारे मात्र गाडीत मागे बसलेले असू शकतात, रस्त्यावरचे असू शकतात, किंवा कुठेतरी श्वास घेणारे असू शकतात.

हे म्हटल्यावर कंपन्या आणि सरकार तेवढे शहाणे आणि गॅरेजवाले उनाड, असा निकाल द्यायचा मोह होतो. तसे नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. त्यांच्या डिझेल गाड्यांतल्या संगणकाला आपण प्रयोगशाळेत आहोत की रस्त्यावर, हे ओळखता येत होते. स्टिअरिंग हलते का, वेग कसा चढतो-उतरतो, यावरून तो अंदाज बांधे. तपासणी चालू असली की धूर स्वच्छ. रस्त्यावर आले की नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण परवानगीच्या चाळीस पटींपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर निघाले. एकाच धंद्याची दोन चोपडी, एक करखात्याला दाखवायची आणि एक घरची. कुंपणाने शेत खाल्ले ते असे. कुठल्याही गल्लीतल्या ट्यूनरने इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या शांतपणे मॅप बदललेला नाही.

यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. त्याच वर्षी अमेरिकेत दुसरा वाद चालू होता : गाडीतले सॉफ्टवेअर कॉपीराइटने बांधलेले, तर मालकाला ते उघडून पाहण्याचा अधिकार आहे का? जुलैमध्ये याच पर्यावरण संस्थेने असा अधिकार देण्यास विरोध कळवला होता, कारण लोक प्रदूषणाचे नियम मोडतील. सप्टेंबरात फोक्सवॅगन उघडी पडली. ऑक्टोबरात दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांपुरती सूट मालकांना मिळाली. मात्र संस्थेची भीतीही खोटी नव्हती. २०२० साली तिने हिशेब मांडला, तेव्हा मागच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअप ट्रकांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा मालकांनी काढून टाकलेली आढळली. ती यंत्रणा काढल्यावर गाडी चालत राहावी म्हणून आकडे बदलणारी साधने तशीच, छोट्या जोडातून आत शिरणारी. स्पोर्ट्स कारवाल्यांच्या हौसेसाठी निघालेली किल्ली इथे भलत्याच दाराला लागली.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाला सोडून गाडीत बदल करता येणार नाही, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला. मूळ स्वरूपाला मान्यता देण्याआधी गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत धूर, आवाज, ब्रेक अशा चाचण्यांतून जाते. पण रस्त्यावर तपासणारा अधिकारी दिवे पाहील, टायर पाहील, सायलेन्सरचा आवाज ऐकेल. चारशे चौकोनांतले आकडे त्याच्या डोळ्यांना दिसत नाहीत. जपानमध्येही ठरावीक मुदतीने गाडीची कडक तपासणी होते, तिला शाकेन म्हणतात. तिथेही अडचण हीच. जे दिसत नाही ते शेवटी माणसाच्या सचोटीवर सोडावे लागते.

निसानने २००७ च्या नव्या जीटी-आरमध्ये यावर एक मासलेवाईक उपाय केला. जपानमधल्या गाडीचा संगणक उपग्रहाला विचारतो, आपण कुठे आहोत. मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानात असल्याचे उत्तर आले, तरच १८० ची वेगमर्यादा उठवता येते. मैदानाबाहेर पडले की मर्यादा पुन्हा लागू. या संगणकाची कुलपेही ट्यूनरांनी काही महिन्यांतच उघडली, हा भाग निराळा. पण त्या कल्पनेत एक शहाणपण आहे. मैदानात धावणाऱ्याने आपले इंजिन आपल्या जबाबदारीवर पणाला लावावे. तिथे समोरून एसटी येत नाही की शाळेतून सुटलेली पोरे आडवी जात नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर तेच मार्जिन सामायिक खात्यात जमा होते.

२८० चा समझोता २००४ साली संपला. जपानमधले अपघाती मृत्यू तोवर वर्षाला साडेसात हजारांच्या आत आले होते आणि शक्तीचा व मृत्यूंचा थेट संबंध दिसत नाही, असे कंपन्यांनी सांगितले. आकडे खुले झाले. आज साध्या कौटुंबिक गाडीतही हजार सीसीचे टर्बो इंजिन येते आणि तिचा मॅप बदलून देणारी गॅरेजे आपल्या शहरांतही आहेत. ही विद्या मला त्याज्य वाटत नाही. इंग्लंडला गेलेल्या जपानी गाड्यांची इंजिने ट्यूनरांनीच वाचवली. बंद डब्यातले आकडे उघडून वाचता येतात, हे सामान्य माणसाला दाखवून दिले तेही त्यांनीच. यंत्राच्या मालकाला यंत्रातले वाचता यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खातेदाराला आपले पासबुक वाचता आलेच पाहिजे.

वाचता येणे आणि काढून घेणे मात्र निराळे. ट्यूनरकडे जाणारा प्रत्येक जण विचारतो, किती अश्वशक्ती वाढेल? त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : त्यानंतर शिल्लक किती राहील? कोणत्या पेट्रोलवर, किती तापमानात, किती माणसांना घेऊन घाट चढताना? माझ्या कादंबरीतला गॅरेजवाला हे उत्तर आधी कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो आणि मगच गाडी रोलरवर चढवतो. पुष्कळ गिऱ्हाइके तो कागद पाहून परत जातात. त्याचा धंदा त्यामुळे बेताचाच चालतो.